एका वेळी एकच चाक

ब्रेकचे शू पिशवीत घालून कॉलेजला जाणारी मुलगी त्या वर्षी अख्ख्या सांगलीत माझ्याशिवाय दुसरी नसावी. एका हातात पुस्तकं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत चंद्रकोरीच्या आकाराचे चार लोखंडी तुकडे, प्रत्येकाच्या पाठीवर नवंकोरं लायनर ठोकलेलं, आणि प्रत्येक लायनर एरंडेल तेलात न्हालेलं! तास संपेपर्यंत माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन पावसाळे झाले होते. हस्ताचा पाऊस लागला होता... ऊन पडलंय म्हणावं तोवर आडवातिडवा कोसळणारा. कॉलेज सुटल्यावर मी तशीच भिजत एसटी स्टँडामागच्या लायनरवाल्याच्या दुकानात शिरले. दुकानदाराने एक शू उचलला, नाकाजवळ नेला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे तळून आणलंय काय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

वळून पाहिलं, तर दारात एक उंच, सडपातळ तरुण. छत्री मिटायची विसरून उभा होता, आणि छत्रीचं सगळं पाणी माझ्या चपलांवर गळत होतं.

"हसायला काय झालं?"

"काय न्हाई..." त्याने घाईघाईने छत्री मिटली. हसू मात्र आवरेना. "न्हाई म्हणजे... ब्रेकच्या लायनरला तेल कुणी लावलं?"

"आक्काताईनं."

"का पण?"

"गंजू नये म्हणून!"

दुकानदार हसला, तो हसला, आणि मलाही हसू आलं. पण मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले. अनोळखी पुरुषाबरोबर हसायचं नाही, एवढं आक्काताईनं शिकवलं होतं.

आक्काताई म्हणजे माझी आत्या. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून आमचं घर तिच्या हातात. तिचा हात लागला की वस्तू लखलखीत झालीच पाहिजे. आणि माझे वडील, अण्णा, म्हणजे पायगोंडा पाटील. बैलजोडीला नाल मारायचे तर दोन्ही बैलांना एकाच दिवशी, हा त्यांचा नेम. आमच्या जुन्या मॉरिसचे मागचे ब्रेक धरेनासे झाले, तेव्हा गाडी गॅरेजात घालायच्या ऐवजी अण्णांनी ती अंगणातच ठोकळ्यांवर चढवली आणि जोडीचं काम जोडीनं म्हणून मागची दोन्ही चाकं एकदम उघडली. शू काढून सांगलीला धाडले, नवी लायनरं मारून आणली. सगळं सामान एका पाटीत मांडून ते जेवायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तर आक्काताईनं स्प्रिंगा, शू, खिळे, झाडून सगळं राखेनं घासून, धुऊन, तव्याला लावतात तसं एरंडेल लावून उन्हात वाळत घातलेलं! कुठली स्प्रिंग कुठल्या चाकाची, कुठला शू पुढचा, कुठला मागचा... काही म्हणता काही कळेना. आणि तेल प्यायलेलं लायनर ड्रमवर नुसतं सरकतं. चाक काही धरत नाही.

"मॉरिस व्हय?" त्या तरुणाने शू हातात घेऊन उलटसुलट केला. "आमच्याकडं बी हाय. काळी."

काळी म्हटल्यावर मी वळून त्याच्याकडे नीट पाहिलं. आमच्या माहितीत काळी मॉरिस एकच होती.

"तुमी... कुंडलचे?"

"तुमी पायगोंडा काकांच्या?"

दुकानदार आळीपाळीने दोघांची तोंडं बघत बसला.

झालं होतं असं, की अण्णा आणि कुंडलचे आप्पासो मगदूम हे बोर्डिंगातले जिवाभावाचे मित्र. मिरजेच्या एका डॉक्टरांनी दोन जुन्या मॉरिस विकायला काढल्या, त्या दोघांनी मिळून घेतल्या. कोणती कुणाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. राखी आम्हाला, काळी त्यांना. आठवडा उलटला नाही तोच अण्णांना वाटायला लागलं, की आप्पाला चांगलं इंजिन गेलं. आप्पासोंना वाटायला लागलं, की पायगोंडाला चांगल्या सीटा गेल्या. "चिठ्ठ्या तूच केल्या होत्यास," असं कोण कुणाला आधी म्हणालं, यावर आजही एकमत नाही. बोलणं बंद पडलं ते पडलंच. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, उत्सवाला दोघे समोरासमोर आले तरी एक उजवीकडे उभा राही, एक डावीकडे.

"मी धनपाल," तो शेवटी म्हणाला. "नवी लायनरं उद्या मिळतील. मी रविवारी येतो, गाडी घेऊन. आमच्या गाडीचं एक चाक उघडायचं, आत कसं हाय ते बघायचं, तसंच तुमच्या गाडीत बसवायचं."

"तुमाला येतंय हे काम?"

"न्हाई."

"मग?"

"मला एकच गोष्ट म्हाईत हाय. एका वेळी एकच चाक उघडायचं. दुसरं शाबूत ऱ्हाऊ द्यायचं... बघायला. तुमची दोन्ही उघडी हायत, म्हणून आमचं आणायचं."

"अण्णा तुमाला..."

"मारतील?"

"मारायचे न्हाईत. जैन हायत."

"मग येतो की!"

आणि तो पुन्हा हसला. छत्री माझ्या हातात देऊन, स्वतः भिजत, समोरच्या एसटीकडे पळाला. मला नाही म्हणायलाही सवड दिली नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. मांडीवर त्याची ओली छत्री... आणि मनात एक अवघड गोष्ट. गाडीची एवढी घाई का चालली होती, ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. फलटणच्या एका कापडदुकानदाराच्या मुलाशी माझं जवळजवळ ठरलं होतं. मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली; तिला मुलगी डोळ्यांनी बघायची होती, म्हणून मलाच तिकडे न्यायचं होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर, तेही स्वतःच्या गाडीतून. सोयऱ्याच्या दारात एसटीनं उतरायचं अण्णांना पटत नव्हतं. वाटेत दहिवडीच्या पुढे मोगराळ्याचा घाट, म्हणून ब्रेक हवेत. तिकडे सुपारी फुटली की माझं कॉलेज सुटलं आणि मी फलटणची झाले.

त्या मुलाचा फोटो मी पाहिला होता. टेबलावरच्या फुलदाणीवर हात ठेवून उभा होता बिचारा. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी तो फोटो आठवायला गेले, तर मला नुसती फुलदाणी आठवली.

रविवारी सकाळी काळी मॉरिस आमच्या फाटकात येऊन थांबली. अण्णा तोंडातली राखुंडी तशीच ठेवून बघत राहिले. धनपाल खाली उतरला, सरळ त्यांच्या पाया पडला.

"मी आप्पासो मगदूमांचा मुलगा."

अण्णांनी चूळ भरली. पुन्हा भरली. मी खांबाआडून बघत होते.

"बापाला ठावं हाय, हिकडं आलास ते?"

"न्हाई काका. सांगलीला जातो म्हणून सांगितलंय."

"खोटं बोलून आलास व्हय?"

"सांगलीवरनंच आलो की. फक्त तिथं थांबलो न्हाई."

अण्णांच्या मिशीचं टोक हललं. आमच्या घरात ते हसू समजलं जाई.

"गाडी आत घे. भांडण तुझ्या बापाशी हाय, पाव्हण्याशी न्हाई."

मग अण्णा हात मागे बांधून काळ्या गाडीभोवती फिरले. दार उघडून आत डोकावले. सीटांचा काथ्या बाहेर आला होता. बॉनेट उघडून इंजिन पाहिलं, ते जागोजागी तारांनी बांधलेलं. अण्णांनी बॉनेट हळूच मिटलं आणि शेताकडे निघून गेले. त्या दिवशी आमच्या उसाला पाटाच्या पाण्याची पाळी होती.

मग अंगणात राहिलो आम्ही दोघं, आणि ओसरीवर जपमाळ घेऊन बसलेली आक्काताई. तिचे ओठ णमोकार म्हणत होते, डोळे आमच्यावर होते.

काळ्या गाडीचं डावं चाक उघडलं. ड्रम निघाला तशी आत भरलेली काळी पूड उडाली, आणि आतली रचना दिसली... समोरासमोर दोन शू, वर एक स्प्रिंग, खाली एक. मी गुडघे टेकून बघत बसले.

"ह्या शूचं लायनर लांब हाय," मी म्हटलं. "त्याचं आखूड. लांब असतंय ते पुढच्या बाजूला."

"मला दिसलंच न्हाई की ते!"

"तुमी कुठं बघत हुता?"

तो चाकात एवढा वाकला की त्याचे फक्त कान दिसत होते. लालबुंद कान.

मग आमच्या राखी गाडीचं डावं चाक. ड्रमचं एरंडेल पेट्रोलनं पुसून काढलं, नवे शू जागेवर धरले. पण वरची स्प्रिंग काही ताणेना. स्क्रू ड्रायव्हरने ओढायला गेला, ती सुटून त्याच्या नाकावर बसली. दुसऱ्यांदा माझ्या कानाजवळून सूं करत गेली आणि कोंबड्याच्या खुराड्यात पडली. शेजाऱ्यांचं खुराडं ते. आम्ही दोघं कुंपणावरून वाकून स्प्रिंग शोधतोय, तिकडून कोंबडा ओरडतोय...

"साताऱ्याला काय करता तुमी?" मी कुंपणावरून विचारलं. नोकरी साताऱ्याला, हे त्याने ड्रम पुसता पुसता सांगितलं होतं.

"शेतकी शाळेत शिकवतो. दसऱ्याच्या सुट्टीला आलोय."

"काय शिकवता?"

"अवजारं. त्यांची देखभाल अन् दुरुस्ती." तो नाक चोळत म्हणाला.

मी इतकी हसले, की ओसरीवरची जपमाळ थांबली.

शेवटी मी आत जाऊन आक्काताईची सांडशी आणली. तापलेलं पातेलं उतरवतात ती. सांडशीच्या चिमट्यात स्प्रिंगेचं टोक घट्ट धरलं, त्याने शू दाबून धरला, मी ओढलं... आणि खट्कन स्प्रिंग भोकात बसली. त्याचा हात माझ्या हाताखाली होता. दोघांचेही काळे. काढून घ्यायला कुणीच घाई केली नाही.

"बसली," तो म्हणाला.

"व्हय. बसली."

"सांडशीला काळं लागलं गं त्रिशे!" आक्काताई ओसरीवरून ओरडली, तेव्हा कुठे हात सुटले.

दुपार कलली. पावसाची एक सर येऊन गेली, आम्ही ताडपत्रीखाली बसलो. आक्काताईनं पन्हाळीखाली बादली सरकवली आणि सहज, अगदी सहज म्हणाली,

"दसऱ्याच्या आत हू द्या बाबा गाडी. फलटणला न्यायची हाय पोरीला. सुपारी फोडायची हाय."

धनपालच्या हातात पाना होता. तो तसाच राहिला. ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं.

"हे मला..." त्याने एवढंच म्हटलं आणि थांबला.

न सांगितल्याबद्दल मला माझाच राग आला होता, आणि आक्काताईचा, आणि त्या फुलदाणीचाही. त्यानंतर उजवं चाक आम्ही जवळजवळ मुक्यानेच उघडलं. शू बसवले, स्प्रिंगा चढवल्या. आक्काताई दिवाबत्तीच्या तयारीला आत गेली, तेव्हा माझा धीर सुटला. मी चाकाजवळ वाकून हलक्या आवाजात म्हटलं,

"ही खालची स्प्रिंग... नीट अडकली न्हाई, तर?"

"तर ब्रेक एका बाजूला ओढंल. घाटात गाडी धरायची न्हाई."

"गाडी नीट न्हाईच झाली म्हणून सांगता येतंय की. काम जमलं न्हाई म्हणा. दसरा टळंल. एकदा टळलं, म्हणजे..."

त्याने मान वर केली. नाकावर स्प्रिंगेचा लाल वळ, गालावर काळं. एवढ्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

"काम झालेलं बघूनच काका चावी फिरवणार. माझ्या सांगण्यानं थांबायचे न्हाईत," तो म्हणाला. "आणि ढिलं सोडायचं म्हणाल, तर त्या गाडीत कोण बसणार हाय ते मला म्हाईत हाय. मला न्हाई जमायचं, त्रिशला."

असं म्हणून त्याने स्प्रिंग बोटाने ओढून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि ड्रम चढवला. मागे गोठ्यात बादली वाजली. म्हशीने लाथ मारली असेल म्हणून मी तिकडे पाहिलंही नाही. माझे डोळे भरून आले होते. मला हवं होतं ते न करणारा हा माणूस मला त्याच क्षणी हवाहवासा झाला, आणि याचा तर मला फारच राग आला.

काम अजून संपलं नव्हतं. चाकं उघडी असताना अण्णांनी गंमत म्हणून ब्रेक दाबून पाहिला होता, त्यामुळे ब्रेकचं ऑइल सांडून नळ्यांत हवा शिरलेली. ती काढायला दोन माणसं लागतात. मी गाडीत बसले, पाय ब्रेकवर. तो चाकापाशी जमिनीवर आडवा, नळीचं टोक बाटलीत धरून.

"दाबा."

मी सगळा राग पायात आणून दाबला.

"एवढ्या जोरात न्हाई... हळू. आता तसाच धरा."

"धरलाय."

"बुडबुडे येत्यात. मी सांगितल्याबिगर सोडू नका."

"आणि सोडला तर?"

"सगळी हवा परत आत. पयल्यापास्नं."

"मग पयल्यापास्नं करा की! तुमाला काय, गाडी चांगली झाल्याशी मतलब."

गाडीखाली पाना फिरल्याचा आवाज आला.

"सोडा," तो हळूच म्हणाला. आणि मग आणखी हळू, "मला कशाशी मतलब हाय ते इचारलंय का कुणी..."

मी विचारणार होते. पण तेवढ्यात आक्काताई धावतच बाहेर आली.

"अगं बाई, दिवस बुडाया लागला की! पावणा सांजचं जेवला न्हाई अजून!"

चातुर्मास होता. आमच्यात दिवस बुडाल्यावर अन्न तोंडात घालत नाहीत, आणि चार महिने हा नेम पाळायचा शब्द त्यानेही आपल्या आईला दिला होता. सूर्य चिंचेच्या खाली उतरलेला. धनपाल उठला, हात पुढे केले. कोपरापर्यंत काळे, ऑइलनं चिकट.

"धुतो की पटकन."

"ते काय पाण्यानं निघतंय? साबण लावून, राख लावून, तवर दिवस ऱ्हातोय व्हय?" आक्काताईनं ताट आणलं. भाकरी, घट्ट वरण, बिनलसणाची शेंगांची चटणी, दही. "माझ्या दारातनं पावणा राती उपाशी गेला तर ते पाप मला. त्रिशे, हात धू. तुझं तळवंच काळं झाल्यात, निघंल लगीच. आणि घास भरव त्याला."

"मी?"

"मग मी भरवू? माझी जपमाळ हाय हातात."

जपमाळ खुंटीला होती. मला दिसत होती.

मी दोन्ही हात राखेनं घासले आणि पाटावर बसले. तो समोर मांडी घालून, काळे हात मागे धरून, शाळेतल्या मुलासारखा. भाकरीचा तुकडा वरणात बुडवून मी त्याच्या तोंडाशी नेला. तो बघत होता, सरळ डोळ्यांत. लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरी एकमेकांना घास देतात ना... इथं पंगत नव्हती, वाजंत्री नव्हती. चिंचेमागे सूर्य तेवढा होता, आणि तोही निघालेला.

"तिखट हाय?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"चव लागंना व्हय?"

"लागतीय. पर चटणीची न्हाई."

चौथा की पाचवा घास असेल. मान वळवली तर गोठ्याच्या तोंडाशी अण्णा उभे. हातात धारेची चरवी. ते किती वेळ तिथे होते कोण जाणे.

"दिवस बुडत हुता," आक्काताई म्हणाली.

अण्णांनी सूर्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे, मग माझ्याकडे. आणि चरवी घेऊन ते आत गेले.

निघताना धनपालने अण्णांना सांगितलं, नवी लायनरं बसायला थोडा वेळ घेतात. पहिले काही दिवस बेताने दाबा, घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. मला काहीच सांगितलं नाही. मी छत्री परत दिली. त्याने घेतली, आणि काळी गाडी फाटकातून बाहेर गेली.

दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी गाडी धुतली, कुंकू लावलं, झेंडूची माळ बांधली. मी हिरवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसले. शेजारी आक्काताई. रात्रभर रडून माझे डोळे सुजलेले. तिने ते पाहिले, पण एका शब्दाने विचारलं नाही. उलट डब्यातली खोबऱ्याची वडी खात बसली! मला तिचा संताप आला.

गाडी निघाली. ब्रेक इतके सुरेख लागत होते, की प्रत्येक वळणावर माझ्या काळजाला चरका बसत होता. तासगाव आलं. तिथं सरळ रस्ता विट्याला जातो, पुढे दहिवडी, घाट, फलटण. डावीकडचा पलूसकडे.

अण्णांनी गाडी डावीकडे घातली.

मला वाटलं, चुकले. "अण्णा, विटा सरळ..."

"ठावं हाय मला."

"मग ही वाट..."

"कुंडलची." त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "गोठ्यात हुतो मी त्या दिवशी. गोठ्याला अंगणाकडनं भिंत न्हाई, पोरी. तू काय म्हणालीस ते ऐकलं. त्यो काय म्हणाला ते बी ऐकलं."

माझ्या कानशिलांना आग लागली.

"फलटणला निरोप धाडलाय कवाच. आजीबाईची माफी मागितलीया," अण्णा म्हणाले. "पोरगी स्वतः सांगत हुती, तरी ज्या पोरानं माझ्या गाडीचा ब्रेक ढिला सोडला न्हाई, त्याच्या बापाशी बोलायला माझी हरकत न्हाई."

"आणि मला सांगितलं न्हाई कुणी!" मी रडत ओरडले. "रातभर..."

"इचारलंस का?" आक्काताईनं खोबऱ्याची वडी माझ्या हातावर ठेवली. "खा. मी काय आंधळी हाय व्हय? उगंच कुणाच्या बी पोराला घास भरवाया सांगंन?"

कुंडलला आप्पासोंच्या दारात पाहतो तर काय, काळी मॉरिस ठोकळ्यांवर. दसऱ्याला साफ करायची म्हणून मागची दोन्ही चाकं काढलेली, दोन्ही ड्रम जमिनीवर, आणि पोत्यावर शू आणि स्प्रिंगांचा नुसता काला! ओसरीवर आप्पासो आपट्याची पानं घेऊन धुमसत बसलेले. आमची गाडी त्यांच्या पुढ्यात आवाजसुद्धा न करता थांबली.

अण्णा उतरले. खिशातून आपट्याचं पान काढलं. दसऱ्याला सोनं म्हणून पुढे केलेलं पान वैऱ्यालाही नाकारता येत नाही.

"आप्पा, सोनं घे."

आप्पासो उठले. पान घेतलं. आपलं पान दिलं. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले, तेव्हा दोघांच्याही टोप्या वाकड्या झाल्या.

"गाडी लय गुमान थांबली रं तुझी," आप्पासो डोळे पुसत म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, चांगली तुलाच गेली!"

"तुझ्याच पोरानं केलीया. आणि तुझं इंजिन बघितलं मी... तारंनं बांधलंय की गड्या! आणि मी समजत हुतो..."

बोलत बोलत दोघे आमच्या गाडीच्या सीटा बघायला गेले. आक्काताई आत शिरली. मी पोत्यापाशी आले.

काळ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"एका वेळी एकच चाक उघडायचं," मी म्हटलं. "कोण म्हणालं हुतं हो?"

पाय दचकले. गाडीच्या तळाला डोकं आपटल्याचा आवाज झाला. मग तो बाहेर आला, कपाळ चोळत. काळे हात, काळं कपाळ, दाढी वाढलेली. माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी खरी आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती.

"दोन्ही उघडलीसा?"

"व्हय..."

"का?"

"ध्यान नव्हतं."

"कुठं हुतं?"

तो खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "फलटणला. मोगराळ्याच्या घाटात. सकाळधरनं... तुमची गाडी कुठवर पोचली असंल, एवढंच. दुसरं चाक कवा उघडलं ते कळलंच न्हाई." मग धीर करून मान वर केली. "त्या दिवशी मी ब्रेक चांगलेच केले. पर घरी येऊन लय रडलो, त्रिशला. तू पोचू नयेस असं वाटत हुतं, आणि तुला काय होऊ नये असं बी. दोनी एकदम."

तुमी वरून तू कधी झालं, ते त्यालाही कळलं नाही. मला कळलं.

"न्हाई पोचले," मी म्हटलं. "तासगावातनं डावीकडं वळलो."

मी आपट्याचं पान पुढे केलं. त्याने हात पुढे केला, काळा बघून मागे घेतला. मग मी जवळ जाऊन ते पान त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि तळहात क्षणभर तिथेच राहू दिला. आतलं काळीज चाकासारखं पळत होतं.

"आता बसवायचं कसं हे?" तो पोत्याकडे बघत म्हणाला.

"आमची शाबूत हाय की," मी म्हटलं. "बघायला."

त्या दोन्ही गाड्या कधीच्याच भंगारात गेल्या. अण्णा नाहीत, आप्पासो नाहीत, आक्काताईही गेली. तिची ती सांडशी मी लग्नात हट्टाने मागून आणली. एक दांडा जरा वाकडा आहे, पण मी तिनेच पातेलं उतरवते. आता आम्ही साताऱ्यात असतो, दोघंच. चातुर्मासात यवतेश्वराच्या डोंगराकडे दिवस कलला, की मी दोन ताटं वाढते आणि हाक मारते. ते येतात, पाटावर बसतात, आणि दोन्ही हात पाठीमागे धरतात.

"काय झालं?" मी विचारते.

"हात काळं हायत."

"दाखवा बघू."

"न्हाई दाखवत. दिवस बुडाया लागलाय, बघ..."

ते हात आत्ताच धुतलेले असतात. साबणाचा वास येत असतो. मी खिडकीतून डोंगराकडे बघते, भाकरीचा तुकडा मोडते, वरणात बुडवते... आणि घास भरवते.